भाऊचा इजिप्शियन निरोप, 4 स्टार

मोठा भाऊ केमेटिक म्हणजे जुन्या इजिप्तचा धर्म मानायचा, दहन नको दफनच पाहिजे असं सांगून ठेवलेलं, शरीर टिकलं पाहिजे ना त्यांच्यात. नागपुरात अंत्यविधीची सर्व्हिस देणाऱ्या दोघांनी तर हसून फोनच ठेवला. तिसऱ्यानं काहून-कसं न विचारता पेटीवर अनुबिस (कोल्ह्याच्या तोंडाचा मृतांचा देव) काढू दिला, छातीवर माआत देवीचं पीस ठेवू दिलं (मेल्यावर हृदय त्याच्याशीच तोलतात), अन् मेलेल्यानं देवांपुढं म्हणायचं ते '42 पापं मी केली नाहीत' हे सगळं वाचेस्तोवर घाई नाही केली. तिकडं ममीला 70 दिवस लागायचे, इथं मे महिन्यात बर्फाच्या पेटीत एक रात्र निघाली तेच खूप बाप्पा! नैवेद्याचा पाव ठेवला, बियर मात्र नाही ठेवू दिली, एक स्टार त्याचाच कापला.