टॅबलेटच्या कमकुवत वाय-फायवरचे उपाय : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरातला टॅबलेट दहा इंची, धातूच्या पाठीचा आणि केवळ वाय-फायवर चालणारा आहे. राउटर बाहेरच्या खोलीत आणि टॅबलेटचा बहुतेक वापर सर्वांत आतल्या खोलीत, अशी मांडणी असून मध्ये काँक्रीटच्या दोन भिंती व एक लोखंडी कपाट येते. त्या खोलीत फोनवर सगळे सुरळीत चालत असे आणि त्याच जागी ठेवलेल्या टॅबलेटवर मात्र साधे पानसुद्धा अर्धवट उघडून थांबत असे. याचा अर्थ घरात येणाऱ्या इंटरनेटमध्ये दोष नव्हता, दोष राउटर ते टॅबलेट या शेवटच्या काही मीटरांत होता. गेले काही महिने राउटरची जागा, बँड (लहरींचा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा) आणि चॅनेल (त्या पट्ट्याचा एक भाग), टॅबलेटचे कव्हर, रेंज एक्स्टेंडर (सिग्नल पुढे पोहोचवणारे यंत्र) आणि शेवटी केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण) असे उपाय एकामागून एक वापरून पाहिले. त्यांतले कोणते टिकले आणि कोणते अडगळीत गेले, याची ही नोंद आहे.

कोणताही उपाय करण्यापूर्वी सिग्नल आकड्यात पाहण्याची सोय करून घ्यावी. पडद्याच्या कोपऱ्यातल्या रेषांवर विसंबून काही ठरवता येत नाही, कारण किती ताकदीला किती रेषा दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारची मोफत ॲप हा आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या एककात दाखवतात. आयपॅडवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या ॲपमधला वाय-फाय स्कॅनर सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू केला, की तेथेही तो दिसतो. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉलही निर्धास्त चालतो, उणे ७५ च्या खाली कुरकुर सुरू होते आणि उणे ८५ ला जोडणी असून नसल्यासारखी होते. या मोजपट्टीवर ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट किंवा निम्मी शक्ती आणि १० डेसिबलचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात ठेवले तर पुढच्या एखाद्या किरकोळ वाटणाऱ्या फरकाचे मोल कळते. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ॲपना दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येते, त्यामुळे घरभर फिरत मोजताना प्रत्येक जागी थोडे थांबणे भाग आहे, नाहीतर मागच्या खोलीचा आकडा पुढच्या खोलीच्या नावावर जमा होतो.

आकडे पाहू लागल्यावर एक विसंगती दिसली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावरूनच झाले. आतल्या खोलीत टॅबलेट उणे ७२ च्या आसपास दाखवत होता, म्हणजे काम रडतखडत का होईना, चालायला हवे होते. प्रत्यक्षात व्हिडिओ कॉलवर समोरची व्यक्ती आम्हाला बऱ्यापैकी स्पष्ट दिसे आणि तीच व्यक्ती ‘तुमचा आवाज तुटतोय’ असे सांगत राही. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते आणि काही राउटर तेथे प्रत्येक उपकरणाचा सिग्नल त्यांना किती मिळतो हेही दाखवतात. तेथे टॅबलेटसमोरचा आकडा टॅबलेटवरच्या आकड्यापेक्षा जवळजवळ १० डेसिबलने खाली होता. टॅबलेटच्या पडद्यावरचा आकडा राउटरचा आवाज टॅबलेटला किती ऐकू येतो एवढेच सांगतो. टॅबलेटचा आवाज राउटरपर्यंत पोहोचतो की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

वाय-फायमध्ये हा परतीचा आवाज फार महत्त्वाचा असतो. एखाद्या उपकरणाला उद्देशून पाठवलेला डेटा मिळाल्याची पोच त्या उपकरणाने लगेच द्यायची असते. पोच आली नाही तर राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो आणि तरीही आली नाही, तर वेग उतरवून आणखी सावकाश पाठवू लागतो. बॅटरीवर चालणाऱ्या टॅबलेटची प्रक्षेपणशक्ती सहसा भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या राउटरपेक्षा कमी असते. त्यामुळे आपण केवळ व्हिडिओ पाहत असलो, काहीही पाठवत नसलो, तरी पोचपावत्या वाटेत हरवल्या की व्हिडिओ अडकतोच. याच कारणाने ‘जास्त शक्तीचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या राउटरबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. नुसती शक्ती वाढवली तर टॅबलेटवरच्या रेषा वाढतात, परतीची वाट तशीच राहते. चांगल्या अँटेनाची गोष्ट वेगळी, कारण अँटेना पाठवताना जितका उपयोगी तितकाच ऐकतानाही असतो.

टॅबलेटच्या बाजूने करण्यासारखे थोडेच असते, पण जे असते ते फुकट असते. धातूच्या पाठीतून रेडिओ लहरी जात नाहीत, म्हणून अशा टॅबलेटमध्ये अँटेना कडेला, काच किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीमागे बसवलेले असतात. आमच्या टॅबलेटच्या वरच्या कडेला अशी पट्टी आहे आणि आडवा धरला की ती नेमकी डाव्या तळहाताखाली जाते. हात काढून टॅबलेट उशीला टेकवला, की आकडा ५ ते ६ डेसिबलने सुधारत असे. त्याहून मोठा फरक कव्हरने पडला. उभे करण्यासाठी मागे पत्र्याची घडी असलेले जे जाड कव्हर होते, ते काढून साधे सिलिकॉनचे घातल्यावर परतीच्या आकड्यात झालेली सुधारणा राउटरच्या पानावर स्पष्ट दिसली. कीबोर्ड जोडणाऱ्या आणि हब वापरणाऱ्या मंडळींनी आणखी एक गोष्ट तपासावी. यूएसबी ३ ची उपकरणे आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ च्या एका तांत्रिक टिपणात मोजून दाखवले आहे. हब टॅबलेटला अगदी खेटून ठेवला तर तो गोंगाट थेट अँटेनाच्या कानाशीच होतो. नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडणे, सेटिंग्ज रीसेट करणे हे सल्ले सर्वत्र मिळतात. त्यांनी अडकलेली जोडणी सुटते, कमी पडणारा सिग्नल वाढत नाही.

राउटर पूर्वी टीव्हीच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर होता. टीव्हीचा धातूचा सांगाडा, मागचा वायरींचा गुंता आणि शेजारी आरसा, अशी ती जागा सिग्नलच्या दृष्टीने जवळजवळ सगळ्यांत वाईट होती. आरशाच्या काचेमागे धातूचा मुलामा असतो, त्यामुळे तो प्रकाशाप्रमाणेच या लहरीही परतवतो. राउटर दरवाजाच्या रेषेत, माणसाच्या डोक्याहून उंच ठेवला आणि अँटेना उभे केले. उभ्या अँटेनाचा सिग्नल चहूबाजूंनी आडवा पसरतो आणि त्याच्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातो, म्हणून एकाच मजल्यावरच्या घरात ते उभे असलेलेच बरे. दुमजली घरात एखादा आडवा करून पाहण्यासारखे आहे. नुसत्या जागाबदलाने आतल्या खोलीत सुमारे ८ डेसिबल मिळाले. पैसे न देता मिळालेला हा सर्वांत मोठा फायदा होता. कपाट हलवणे शक्य नव्हते, पण राउटर सरकल्यावर ते सरळ वाटेतून बाजूला गेले, आणि निम्मा फायदा त्याचाच असावा असा माझा अंदाज आहे.

राउटरमागे लावण्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पुष्कळ चेष्टा होते, पण ती सरसकट योग्य नाही. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये खास आकाराचे, धातूने मढवलेले परावर्तक बनवून सिग्नल हव्या त्या दिशेला वळवता येतो हे दाखवले होते. अडचण एवढीच की पत्रा नवीन शक्ती निर्माण करत नाही, एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला देतो. आमच्याकडे आतली खोली किंचित सुधारली आणि स्वयंपाकघरातून तक्रार आली. पत्रा निघाला.

बँडबाबत माझा निष्कर्ष प्रचलित सल्ल्याहून थोडा वेगळा आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान म्हणून सर्वत्र तोच वापरावा असे सांगितले जाते, परंतु मोकळ्या जागेतसुद्धा तो त्याच अंतरावर २.४ पेक्षा सुमारे ६ ते ७ डेसिबल कमी मिळतो आणि काँक्रीटमध्ये ही तफावत आणखी वाढते. दोन्ही बँडना एकच नाव असेल, तर टॅबलेट कधी कधी मरणासन्न ५ ला धरून बसतो आणि शेजारी धडधाकट २.४ रिकामा पडून राहतो. काही काळ दोन्हींना वेगळी नावे देऊन आतल्या खोलीत २.४ सक्तीने वापरला. वेग कमी मिळाला, पण तुटणे थांबले, आणि टॅबलेटवर वाचन व व्हिडिओ एवढेच करायचे असेल तर न तुटणे हीच खरी गरज असते. २.४ मध्ये चॅनेल मात्र १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडावे आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. या चॅनेलांचे मध्यबिंदू ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असल्यामुळे ३ किंवा ४ निवडले, तर आपण दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या मध्ये सापडतो. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. तो सुरू असेपर्यंत हा बँड चाचपडतो, त्याला इलाज नाही.

त्यानंतर रेंज एक्स्टेंडर घेतला. या यंत्राबद्दल माझी नाराजी आहे, पण ती यंत्रापेक्षा त्याच्या जाहिरातीबद्दल अधिक आहे. खोक्यावरच्या चित्रात ते घराच्या टोकाला लावलेले असते. मुख्य राउटरचा सिग्नल जेथे चांगला पोहोचतो, अशा मधल्या जागीच ते लावावे लागते, कारण मिळालेलेच ते पुढे देते. एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करावे लागत असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. टॅबलेटवर रेषा पूर्ण आणि पान मात्र उघडत नाही, असा अनुभव त्याने वरचेवर दिला. रात्री केव्हातरी त्याचा मुख्य राउटरशी संबंध तुटे आणि सकाळी ते प्लगमधून काढून पुन्हा लावावे लागे. केबल टाकणे अशक्यच असेल, तर दोन स्वतंत्र बँडवर काम करणारा एक्स्टेंडर घ्यावा. त्याहून जास्त शिफारस मी करणार नाही.

शेवटी जो उपाय टिकला तो जुना आणि दिसायला नीरस आहे. घरात पडून असलेला आधीचा राउटर आतल्या खोलीत ठेवून तो लॅन केबलने मुख्य राउटरला जोडला. केबल दाराच्या चौकटीकडेने आणि भिंतीच्या खालच्या पट्टीवरून नेली, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. जुन्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर एका क्लिकचे काम असते. नसेल, तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) मुख्य राउटरहून वेगळा पण त्याच मालिकेतला ठेवावा, डीएचसीपी (उपकरणांना असे पत्ते वाटणारी सोय) बंद करावे आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न लावता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये लावावी. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हींवर एकच ठेवला, चॅनेल मात्र वेगवेगळे दिले. आतल्या खोलीत आता उणे ४५ ते ५० मिळतात आणि राउटरच्या पानावर परतीचा आकडाही जवळपास तेवढाच असतो, कारण टॅबलेटला आता भिंतीपलीकडे ओरडावे लागत नाही. एक अनपेक्षित लाभही झाला. सावकाश बोलणारे उपकरण हवेतला वेळ अडवून ठेवते आणि बाकीच्यांना थांबावे लागते. टॅबलेट मुख्य राउटरवरून हटल्यावर बाहेरच्या खोलीतला लॅपटॉपही हलका झाला.

काही महिन्यांच्या वापरात या मांडणीचे दोष दोन दिसले. पहिला म्हणजे चिकटेपणा. कोणत्या ॲक्सेस पॉइंटवर जायचे हे टॅबलेट स्वतः ठरवतो. ॲपलचे आयफोन आणि आयपॅड हाती असलेला सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्यावरच दुसरा शोधू लागतात, इतरांचे निकष वेगवेगळे आहेत. आमचा टॅबलेट बाहेरून आत आणला, की बराच वेळ बाहेरच्या मुख्य राउटरलाच लटकून राहत असे. मुख्य राउटरची प्रक्षेपणशक्ती सेटिंग्जमधून मध्यम केल्यावर हे बरेच कमी झाले. चांगल्या रेंजसाठी शक्ती कमी करावी लागावी, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण उपाय लागू पडला. तरीही अधूनमधून वाय-फाय बंद करून चालू करावे लागते.

दुसरा दोष असा, की जुन्या राउटरला कंपनीकडून सुरक्षेची अद्यतने येणे बंद झाले आहे. तो मुख्य राउटरच्या आड असल्यामुळे बाहेरून थेट धोका कमी आहे, पण मुळीच नाही असे म्हणता येत नाही. शिवाय तो डब्ल्यूपीए ३ हा वाय-फाय सुरक्षेचा नवा प्रकार ओळखत नसल्याने दोन्ही राउटर आधीच्या डब्ल्यूपीए २ वर ठेवावे लागले आहेत. केबल एकदा टाकलेली असल्यामुळे त्या जागी नवीन ॲक्सेस पॉइंट लावणे हे आता पाच मिनिटांचे काम आहे आणि पुढची खरेदी तीच असेल.