पंचगंगेचा पूर: एकमितीय प्रारूप की द्विमितीय?

कोल्हापुरात पुराची चर्चा राजाराम बंधाऱ्यावरील पातळीपासून सुरू होते; 43 फूट ही तिथली धोका पातळी. एवढा एकच आकडा हवा असेल, तर फ्रेंच अभियंता सँ-व्हेनाँ यांनी 1871 मध्ये मांडलेल्या प्रवाहाच्या समीकरणांवर चालणारे एकमितीय प्रारूप, म्हणजे फक्त नदीच्या लांबीच्या दिशेने हिशेब करणारे संगणकीय मॉडेल, बहुधा पुरते. नदीचे आडवे छेद, मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक (पात्र पाण्याला किती अडवते, तो आकडा) आणि वरून येणारा विसर्ग दिला की साधा संगणकही झटपट उत्तर देतो. मात्र यात एका छेदावर पाण्याची पातळी सर्वत्र सारखीच धरलेली असते, आणि पाणी पात्र सोडून उसाच्या फडात शिरले की हे गृहीतक लंगडे पडते.

2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले. अशा ठिकाणी रस्ता उंच करणाऱ्या मातीच्या भरावाच्या दोन बाजूंना पातळी वेगळी असू शकते. ते द्विमितीय उथळ-जल प्रारूपात नीट उमटते, कारण ते परिसरावर आखलेल्या जाळीच्या प्रत्येक चौकोनात खोली आणि दोन्ही दिशांचे वेग काढते. किंमतही तशीच: चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, कालपायरीही (हिशेबाच्या दोन क्षणांमधला वेळ) साधारण निम्मी करावी लागते, म्हणजे काम आठपट. शिवाय 30 मीटरच्या उपग्रहीय उंची-नकाशात तो भराव जवळजवळ पुसला जातो, आणि प्रारूपाने काढलेले पुराचे रंगीत चित्र मात्र छानच दिसते!

तासागणिक पूर्वसूचनेसाठी मी एकमितीयच निवडेन. कोणत्या गल्लीत होडी लागेल हे ठरवायचे असेल तर द्विमितीय, पण भरावाची उंची जागेवर मोजून घेतल्यावरच.