ईपीआर: श्वास सोडताना मिळणारी सवलत, काही महिने वापरल्यानंतर

सीपॅप, म्हणजे झोपेत घसा बंद पडून श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, अंगवळणी पडत नाही तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबते: श्वास घ्यायला त्रास नाही, सोडायला आहे. नाकात सतत हवा येत असते आणि तिच्या विरोधात श्वास बाहेर ढकलावा लागतो. माझंही तेच होत होतं. ईपीआर, म्हणजे श्वास सोडताना प्रेशर उतरवण्याची सोय, मी आता काही महिने वेगवेगळ्या पातळ्यांवर वापरली आहे आणि ती मला मनापासून आवडते. पण मेनूत ती ‘कम्फर्ट’मध्ये दिसते, त्यामुळे तिचा उपचाराशी काही संबंध नसावा असं वाटतं. संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

रेसमेडच्या मशीनवर ईपीआर बंद ठेवता येतो किंवा १, २, ३ यांपैकी एका पातळीवर. हा आकडा थेट सेंटिमीटर पाण्याचा, म्हणजे सीपॅपचं प्रेशर ज्यात मोजतात त्याच एककातला. प्रेशर ९ आणि ईपीआर ३ असेल तर श्वास घेताना ९, सोडताना ६. मशीन ४ च्या खाली उतरत नाही. म्हणून प्रेशर ५ असताना ईपीआर ३ लावला तरी हाती १ चीच सवलत येते. गरजेनुसार प्रेशर आपोआप बदलणाऱ्या ऑटो मशीनचं किमान प्रेशर कमी असेल तर झोपायच्या वेळी ‘ईपीआर लावूनही काही कळत नाही’ असं वाटतं, त्याचं एक कारण हे असू शकतं. फिलिप्स रेस्पिरोनिक्सच्या मशीनवरच्या अशाच सोयीचं, सी-फ्लेक्सचं, गणित निराळं आहे. तिथले १, २, ३ सेंटिमीटर नव्हेत. आपण श्वास किती जोरात सोडतो त्यावर सवलत ठरते आणि श्वास संपायच्या आधीच प्रेशर परत वर येतं. एका मशीनवरचा ३ दुसऱ्यावर तसाच लागू पडेल असं धरू नका.

माझं प्रेशर ९ वर स्थिर होतं. ईपीआर ३ केल्यावर फरक पहिल्याच रात्री जाणवला. श्वास सोडायला सुरुवात केली की मास्कमधली हवा हलकी व्हायची आणि छातीवरचा ताण सुटायचा. पोटात हवा जाऊन सकाळी होणारी फुगलेली जाणीवही कमी झाली. झोप लवकर लागायला लागली.

पण एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा, वाढला. आधी तो ५ च्या बराच खाली असायचा, आता काही रात्री ५ ओलांडू लागला. मेमरी कार्डवरचा डेटा ऑस्कर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिला. वाढलेल्या घटना जवळपास सगळ्या घशातल्या अडथळ्याच्या होत्या आणि लीक, म्हणजे मास्कमधून होणारी हवेची गळती, पूर्वीइतकीच. म्हणजे मास्कचा दोष नव्हता.

कारण समजून घेतलं तर सोपं आहे. १९८१ मध्ये कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार मांडला तो घसा हवेच्या दाबाने आतून उघडा धरण्यासाठी. घसा बंद पडण्याचा धोका श्वास सोडून संपत येतो त्या क्षणी मोठा असतो आणि ईपीआरने प्रेशर नेमकं तेव्हाच खाली असतं. स्क्रीनवर ९ दिसत असले तरी त्या क्षणी घशाला ६ चाच आधार असतो. अ‍ॅप्निया (श्वास थांबणं) झालाच तर मशीन सवलत थांबवून पूर्ण प्रेशर देतं, पण तोवर घसा बंद झालेला असतो.

डॉक्टरांना आलेख दाखवले. त्यांनी प्रेशर ११ केलं आणि ईपीआर २ वर आणला: श्वास सोडताना ९, म्हणजे पूर्वी पुरत होतं तेवढंच. एएचआय पुन्हा खाली आला. प्रवाहाच्या आलेखात श्वास घेतानाचा उंचवटा आधी माथ्यावर चपटा असायचा, म्हणजे घसा अरुंद होत होता; तो आता गोल दिसतो. माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट हीच आहे. ईपीआर बदलला की श्वास सोडतानाचं प्रेशर किती उरलं ते आधी बघावं, मग आरामाचं.

३ चा आणखी एक त्रास मला झाला. जागेपणी मी सावकाश श्वास घेतो आणि सोडतो. माझा श्वास सुटून व्हायच्या आतच मशीन प्रेशर वाढवतंय, घाई करतंय, असं वाटायचं. २ वर ते गेलं. काही जणांना उलट ईपीआर बंद ठेवल्यावरच लय सापडते, आणि त्यातही गैर काही नाही. काहींमध्ये प्रेशरच्या या चढउताराने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि मेंदूकडून श्वासाचा इशाराच न येणारे सेंट्रल अ‍ॅप्निया दिसू लागतात. अहवालात तो आकडा वाढला तर स्वतः सेटिंग हलवत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

‘फक्त रॅम्पपुरता ईपीआर’, म्हणजे सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढत असतं तेवढ्याच वेळापुरती सवलत, हा पर्यायही वापरून पाहिला. झोप लागेपर्यंत छान. मध्यरात्री जाग आली की मात्र श्वास सोडताना पूर्ण प्रेशर समोर उभं. मी तो सोडला.

मशीन देणाऱ्यांनी मला ‘आरामासाठी ३ ठेवा’ एवढंच सांगितलं होतं. त्यासोबत प्रेशर किती असावं हा विषय निघालाच नाही आणि याची मला खंत वाटते, कारण हे दोन आकडे एकत्रच ठरवायला हवेत. अशी सवलत दिल्याने लोक मशीन जास्त तास वापरतात, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. मला स्वतःला तिच्याशिवाय मास्क रात्रभर लावून ठेवणं जड गेलं असतं. प्रेशर खूप जास्त लागत असेल आणि ३ ची सवलतही पुरत नसेल, तर श्वास घेण्याचं आणि सोडण्याचं प्रेशर वेगवेगळं ठरवता येणाऱ्या बायलेव्हल मशीनबद्दल डॉक्टरांशी बोला.