बायपासनंतर ऑर्निश कार्डियाक रिहॅब: आमचा अनुभव

यांच्या बायपासनंतर इथे अमेरिकेत आम्ही डॉ. डीन ऑर्निश यांचा इंटेन्सिव्ह रिहॅब, म्हणजे हृदय पुन्हा सावरण्याचा देखरेखीखालचा जास्त सखोल कार्यक्रम, घेतला. साध्या रिहॅबची ३६ सेशन्स, याची एक-एक तासाची ७२. आठवड्यातून दोनदा चार-चार तास, असे ९ आठवडे. व्यायाम, योग-ध्यान, गटात बोलणं आणि एकत्र जेवण, प्रत्येकाला एक तास. मेडिकेअर (इथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) याचा खर्च देतं, त्यातल्या पार्ट बी या भागाचे २० टक्के आपल्याकडे येतात.

पहिल्या दिवशी छातीला इलेक्ट्रोड लावून हे ट्रेडमिलवर चढले. दांडा इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती. नर्स पडद्यावरचे ठोके बघत विचारायची, किती जड वाटतंय? ६ ते २० मधला आकडा सांगायचा, जितकं जड तितका मोठा. तिसऱ्या आठवड्यात यांनी दांडा सोडला आणि मला काचेपलीकडे रडू आलं.

आहार मात्र कठीण. तेल बंद, खोबरं बंद, शेंगदाण्याचं कूट बंद. मोहरी-जिरं कोरडंच भाजायचं, कांदा पाण्यावर परतायचा. पहिली आमटी पानातच राहिली, हिंग आणि आमसूल वाढवल्यावर जमली. वर्गातल्या पाककृतींत आपलं काहीच नव्हतं, ते त्यांनी खरंच बघायला हवं.

एक राग अजून आहे. जिथे ऑपरेशन झालं तिथे डिस्चार्जच्या वेळी या रिहॅबबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आमचे पाच आठवडे फुकट गेले. तुम्ही स्वतःहून विचारा, डॉक्टरांकडून रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, लिहूनच घ्या.

गटातल्या तासाला मात्र पाचपैकी पाच. ऑपरेशनची भीती यांनी मला कधी सांगितली नव्हती, तिथे सांगितली.