आधी पुस्तक की आधी सिनेमा? चार जोड्या आणि माझं मत

‘पुस्तकाची सर नाही’ हे वाक्य कादंबरीवरचा मराठी सिनेमा बघून बाहेर पडताना हमखास कानावर येतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तेवढ्यावरून सिनेमा बघायचाच नाही असं ठरवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मी चुका मोजत मोजत तोच सिनेमा तिसऱ्यांदा बघणाऱ्यांपैकी. अडचण येते ती क्रमाची. पडद्यावरचा चेहरा एकदा डोक्यात बसला की पुस्तकातून काही केल्या हलत नाही. म्हणून आधी काय घ्यायचं, हे जोडीजोडीनं ठरवावं लागतं.

‘शाळा’च्या बाबतीत मी जराही घुटमळणार नाही. आधी पुस्तक. मिलिंद बोकील यांच्या या कादंबरीत (२००४) नववीतला मुकुंद जोशी सगळं स्वतः सांगतो आणि सगळी गंमत त्या सांगण्यात आहे. आणीबाणीचा काळ, अर्धवट बांधून पडलेली इमारत, तिथे जमणारी सुऱ्या, चित्रे, फावड्या ही टोळी आणि वर्गातली शिरोडकर. ती नेहमी शिरोडकरच. आमच्याही वर्गात मुलींना पहिली नावं होती हे आम्हाला दहावीच्या निकालाला कळलं. बहिणीला ‘अंबाबाई’ म्हणणारा हा मुलगा बाहेर जितका गप्प, तितका आत वाचाळ. सुजय डहाके यांच्या २०१२ च्या सिनेमात ही आतली बडबड बरीचशी गळून जाते. अंशुमन जोशीचा चेहरा बोलका आहे, पण त्यामागे चाललेली टवाळी पुस्तक वाचलेल्यालाच ऐकू येते. दोन तासांच्या आत सगळं उरकायचं म्हटल्यावर दोस्तांच्या रिकामटेकड्या गप्पांना कात्री लागणारच, आणि माझ्या मते कादंबरीचा जीव त्या गप्पांतच होता. तरीही केतकी माटेगावकर शिरोडकर म्हणून समोर आली आणि मी तक्रार विसरलो. ही मुलं शाळकरी वाटतात, हीसुद्धा आपल्याकडे छोटी गोष्ट नाही. अविनाश देशपांडे यांना या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मला रास्त वाटतो. एवढ्या भरलेल्या कादंबरीतलं काय सोडायचं हे ठरवायला छाती लागते. पुस्तक आधी वाचलेलं असेल तर सुटलेल्या जागा तुम्ही बघता बघता स्वतःच भरता. उलट्या क्रमानं गेलात तर मुकुंदाचा आवाज पहिल्यांदा ऐकण्याची मजा गेली.

‘दुनियादारी’ मात्र आधी पडद्यावर बघा. सुहास शिरवळकरांच्या चाहत्यांना हे आवडणार नाही, कारण १९८२ ची ही कादंबरी त्यांनी आपल्या कॉलेजच्या दिवसांसकट जपलेली आहे. संजय जाधव यांच्या २०१३ च्या सिनेमातल्या खोडी मला पाठ आहेत. कट्ट्यावर बसणारी ही पोरं कॉलेजात शिकतात म्हणे. स्वप्नील जोशी तेव्हा पस्तिशीचा, अंकुश चौधरी चाळिशीचा! भावनेचा प्रत्येक प्रसंग संगीतानं इतका भिजवलेला की पिळून वाळत घालावा. पुस्तकातला पुण्याचा कट्टा खरखरीत आहे, पडद्यावरचा चकचकीत. शेवटही बदललेला. आणि तरी टीव्हीवर लागला की माझा रिमोट तिथेच थांबतो. त्याचं कारण अंकुशचा दिग्या. वयाबियाचा विचार त्याच्यापुढे टिकत नाही. ‘टिक टिक वाजते डोक्यात’ सुरू झालं की उरलेला विरोधही मावळतो. आधी सिनेमा बघायला सांगतो ते याच बदललेल्या शेवटामुळे. सिनेमा बघून पुस्तकाचं गुपित फुटत नाही. कादंबरी हातात घेतली की ओळखीची माणसं अनोळखी वाटेनं जायला लागतात. उलट केलंत तर दर दहा मिनिटांनी ‘हे असं नव्हतं’ म्हणत शेजारच्याचं डोकं खाल. मी खाल्लं आहे.

‘नटरंग’चा निवाडा लवकर होतो. आनंद यादवांच्या पानांवरची ग्रामीण बोली शहरी वाचकाला सुरुवातीला अडते. रवी जाधव यांचा सिनेमा (२०१०) आधी बघितला तर कान तयार होतात. राजाची भूमिका करण्याची हौस असलेल्या पैलवान गुणाला नाच्या व्हावं लागतं, हा बदल अतुल कुलकर्णीनं अंगावर घेतलेला आहे. आधी कमावलेलं शरीर, मग तेच उतरवलेलं. ते शब्दांत वाचण्यापेक्षा बघावं. दोष म्हणाल तर ‘वाजले की बारा’ इतकं झळाळतं की गावच्या फडाची गरिबी तेवढ्यापुरती विसरायला होते. अजय-अतुलना त्याबद्दल दोष द्यायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

राहिला ‘सिंहासन’. हा १९७९ चा, आणि पुस्तकं दोन: अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. विजय तेंडुलकरांनी दोन्हींची मिळून एक पटकथा केली, जब्बार पटेलांनी दिग्दर्शन. मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची हलवू पाहणारे अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार, एवढ्या माणसांची गर्दी कागदावर लक्षात ठेवताना माझी पहिल्या खेपेला दमछाक झाली आणि मी पुस्तक मध्येच मिटलं. सिनेमात तीच गर्दी सोपी होते. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री, श्रीराम लागूंचे विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषींचा डिकास्टा. एकदा बघितले की यांची गल्लत होत नाही. धागे इतके आहेत की काही नुसते दिसतात आणि नाहीसे होतात, बोलणंही फार आहे. वेगवान कटची सवय असलेल्यांना पहिली वीस मिनिटं जड जातील. तेवढी काढा. शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो, तिथपर्यंत पोचलात की दोन्ही कादंबऱ्या मागवून घ्या.

मी दुसऱ्या खेपेला त्या अशाच वाचल्या. दिगूचं प्रत्येक वाक्य निळू फुल्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. त्याचा मला अजिबात त्रास झाला नाही.