कानामागचं यंत्र की कानात दडणारं?

श्रवणयंत्राच्या दुकानात बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "दिसणार नाही ना?" म्हणून कानाच्या नळीत बसणारं छोटं यंत्र पटकन आवडतं. ते चष्म्याच्या काडीला अडत नाही, फोनही नेहमीसारखा कानाला लावता येतो. पण त्याची १० नंबरची, पिवळ्या खुणेची बॅटरी साबुदाण्यापेक्षा थोडीच मोठी. सत्तरीतल्या थरथरत्या बोटांनी ती बदलून बघा! शिवाय कानातला मळ थेट यंत्रात जातो.

कानामागचं यंत्र दिसतं, हे खरं. पण त्याची ताकद जास्त. ऐकू यायला आवाज ७० डेसिबलपेक्षा मोठा लागत असेल, तर सहसा तेच लागतं. त्यात दोन मायक्रोफोन मावतात, त्यामुळे लग्नाच्या गोंगाटात समोरच्याचं बोलणं थोडं वेगळं काढता येतं.

वयोमानाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज: स, श, फ. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." अशांचे खालच्या पट्टीचे आवाज शाबूत असतात. त्यांच्या कानाची नळी पूर्ण बुजवली तर स्वतःचंच बोलणं घुमतं. कानामागच्या यंत्राची बारीक नळी आणि भोकांचं मऊ टोक कान मोकळा ठेवतं. माझं मत ज्येष्ठांसाठी तरी इकडेच झुकतं.

कान वाहत असेल तर आतलं यंत्र नकोच, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि ऑडिओग्रामशिवाय, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाशिवाय, दोन्हीपैकी काहीच घेऊ नका.