ॲबिलीन, कॅन्सस: रुळांच्या दोन बाजूंची दोन घरं

कॅन्सस सिटीहून आय-70 ने पश्चिमेला साधारण दीडशे मैलांवर ॲबिलीन लागतं. वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास. डेन्व्हरकडे निघालेली मंडळी इथे पेट्रोल भरतात आणि पुढे जातात. त्यांनी अर्धा दिवस थांबावं, अशी दोन घरं या गावात आहेत.

275 नंबरच्या एक्झिटला उतरून बकाय ॲव्हेन्यूने दक्षिणेला आलं की आधी सीली मॅन्शन लागतं. तिथे थांबू नका. बाजारपेठ आणि रेल्वेचे रूळ ओलांडून आधी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांच्या बालपणीच्या घरी जा. उलट क्रमाने पाहिलं तर हे घर डोळ्यांत भरतच नाही.

पांढरं, लाकडी, दुमजली घर. 1898 मध्ये कुटुंब इथे आलं. जागा जेमतेम सव्वाआठशे चौरस फूट, म्हणजे पुण्यातला बेताचा टू-बीएचके. आणि त्यात आई-वडील, सहा मुलगे, काही वर्षं आजोबासुद्धा. वडील गावातल्या बेल स्प्रिंग्ज क्रीमरीत, म्हणजे दूध-लोण्याच्या कारखान्यात, कामाला होते. घराच्या जमिनीत पिकलेली भाजी मुलं रुळांपलीकडच्या श्रीमंत घरांत विकायला नेत.

घर मूळ जागेवरच आहे, सामानही कुटुंबाचंच आहे, हे याचं सगळ्यात मोठं बळ. बाहेरच्या खोलीतला आयडाबाईंचा, म्हणजे आयसेनहॉवर यांच्या आईंचा, पियानो नीट पाहा. काटकसरीच्या संसारात या बाईंनी संगीताला जागा ठेवली होती. मात्र मांडणी 1946 ची आहे, आयडाबाई वारल्या तेव्हाची. त्यामुळे दिसेल ते सगळं 1900 सालचं समजू नका. मुलांच्या लहानपणी काय होतं आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत काय आलं, हे खोलीगणिक विचारून घ्या. न विचारता फिरलात तर दोन काळांची सरमिसळ होते.

उणीव एकच, पण मोठी: वरचा मजला पाहता येत नाही. मुलं कशी दाटीवाटीने झोपत असतील, हे कळण्याची जागा तीच होती. खालचं घर लवकर पाहून होतं, म्हणून शेजारच्या म्युझियमसाठी दोन तास वेगळे ठेवा. त्याच आवारात आयसेनहॉवर, त्यांच्या पत्नी मेमी आणि त्यांचा लहानपणी गेलेला मुलगा यांची समाधी आहे.

आता उत्तरेला, दीड मैलाच्या आत, 1905 चं सीली मॅन्शन. पेटंट औषधं, म्हणजे जाहिरातींच्या जोरावर खपणारी तयार औषधं, विकून गडगंज झालेल्या डॉ. सीली यांचं हे पंचवीस खोल्यांचं घर. बरंचसं फर्निचर 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातून आणलेलं, आणि तळघरात चक्क बोलिंगची पट्टी! दिवे वर बघत चालाल, पण औषधांच्या जुन्या बाटल्या आणि जाहिराती चुकवू नका. या घराचा पैसा कुठून आला ते तिथेच उलगडतं. फेरी गाईडसोबतच होते आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करा.

मुलं सोबत असतील तर आयसेनहॉवर आवाराजवळच्या हेरिटेज सेंटरमध्ये सी. डब्ल्यू. पार्कर यांचं जुनं कॅरोसेल, म्हणजे मेरी-गो-राउंड, आहे. ते याच गावात बनलं, आणि त्यावर आजही बसता येतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आयसेनहॉवर केंद्र सरकारी आहे; वॉशिंग्टनमध्ये बजेट अडून शटडाउन झाला की तेही बंद होतं, म्हणून निघण्यापूर्वी वेबसाइट पाहा. घराचं तिकीट आल्या आल्या घ्या, कारण आत थोड्या थोड्या लोकांनाच सोडतात. इमारती सुट्या सुट्या आहेत, मधलं चालणं उघड्यावरचं: जुलैत ऊन भाजून काढतं, एप्रिल ते जूनमध्ये वादळांचा अंदाज बघूनच निघा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. शाकाहारी असाल तर डबा सोबत घ्या, नाहीतर पंचवीस मैलांवरच्या सलाइनात जेवा.